बिनझरोक्याची खोली

“राणोजी,” गोजरबाई म्हणाल्या, आणि पुंजाराम गवंड्याने पहिली खुंटी ठोकली.

“राणोजीचे चिंधू.”

दुसरी खुंटी ठोकली गेली.

“चिंधूचे कानिफनाथ.”

तिसऱ्या कोपऱ्याला जमीन कठीण निघाली. बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता आणि त्याआधीचा नावापुरता झाला होता. तिसगावच्या पूर्वेची ही जागा भाजलेल्या विटेसारखी झाली होती. खुंटी दोनदा उडून बाजूला पडली. तिसऱ्या वेळी पुंजारामाने ती पायाच्या अंगठ्यात धरली आणि घाव घातला, तेव्हा कुठे ती चार बोटे आत गेली.

चौथी खुंटी गहिनीनाथाने आपल्या हाताने बसवली. तो कानिफनाथांचा आणि गोजरबाईंचा एकुलता मुलगा. आधीच्या तीन पिढ्यांची नावे तीन कोपऱ्यांना द्यायची आणि चौथा कोपरा घर बांधणाऱ्याने स्वतः धरायचा, अशी या घराण्याची रीत होती. नावे वडीलधाऱ्याने उच्चारायची. घरात आता गोजरबाईंहून वडील कोणी उरले नव्हते. नव्या घराच्या आखणीला विधवेने समोर उभे राहू नये असे गावात म्हणत. पण ते गोजरबाईंच्या तोंडावर म्हणणारा माणूस तिसगावात नव्हता.

खुंट्यांना दोरी ताणली गेली. पुंजारामाने कोपऱ्यात गुण्या धरून काटकोन पाहिला आणि मान डोलावली. दिरांच्या वाटणीत जुने घर गेले होते. त्यामुळे हे घर गोजरबाईंना आपल्या मनासारखे हवे होते. पडवी किती खणांची, चूल कोणत्या भिंतीला, न्हाणीचे पाणी कोणत्या अंगाला, हे सगळे त्यांच्या डोक्यात वर्षभर तयार होते. गहिनीनाथ नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि दर शनिवारी एस.टी.ने गावी येई. या खेपेला त्याने तिथल्या एका ओव्हरसियरकडून निळ्या कागदावर नकाशा काढून आणला होता. तो त्याने एका दगडावर पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले होते. गोजरबाईंनी त्या कागदाकडे अजून पाहिले नव्हते.

“पुंजाराम, हितं फक्की मार,” त्या काठीने जमीन दाखवत म्हणाल्या. “माजघराच्या मागं. आठ हात लांब, सा हात रुंद. दार एकच, माजघरात उघडनारं. ही खोली आधी उभी करायची. बाकीचं घर पाऊस पडल्यावर.”

“आन् खिडकी कंच्या अंगाला, आक्का?”

“बाळंतिनीच्या खोलीला खिडकी? तुझ्या बायकोनं पाच लेकरं काय माळावर जन्माला घातली का रं?”

“माळावर बरं वाटलं आसतं तिला,” पुंजाराम चुन्याची फक्की मुठीत घेत म्हणाला. “घरात माझी आई हुती.”

गोजरबाईंच्या ओठांची कड हलली. त्यांना चोख उत्तर देणारा माणूस आवडे. मात्र तो कामाला चोख असला तर.

पांढऱ्या रेघांचा चौकोन जमिनीवर उमटला. गहिनीनाथ नकाशाजवळ उकिडवा बसला होता. तो उठला नाही.

“नकाशात खिडकी हाय, आई. तीन फूट बाय अडीच.”

“नकाशा काढनारा कदी बाळंत झालाय का?”

“वारं नगं का आत यायला?”

“वारंच नगं असतं. बाळंतिनीला वारं बाधतं, हे तुला तुझ्या कारखान्यात कुनी शिकवलं न्हाई. छबू, ये हिकडं.”

छबूबाई, गहिनीनाथाची बायको, बाभळीच्या विरळ सावलीत पाण्याची कळशी घेऊन बसली होती. तिला तिसरा महिना सरत आला होता. तिला आई नव्हती, त्यामुळे पहिलटकरणीला माहेरी धाडण्याचा प्रश्नच नव्हता. भादव्यात ती इथेच, याच खोलीत बाळंत होणार होती. ती उठली, पदर सावरला आणि चुन्याच्या रेघेपाशी येऊन थांबली.

“रेघेवर काय हुबी ऱ्हातीस? आत ये. बाज कुठं बसती ते बघ.”

छबूबाईने रेघ ओलांडली. चौकोनाच्या मधोमध तिने क्षणभर डोळे मिटले.

“हितं लई कोंडल्यावानी वाटतंय, आत्याबाई.”

“कोंडतंय? भिंती कुठं हायेत अजून? उघड्या माळावर हुबी हायेस आन् तुला कोंडतंय!”

पुंजाराम हसला नाही. एरवी तो हसला असता. त्याने मूठभर फक्की पुन्हा घमेल्यात टाकली आणि हात झटकले. गहिनीनाथाने कागदावरचा एक खडा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. छबूबाई मात्र चौकोनातून बाहेर आली, रेघेवर पाय पडू न देता, जणू ती रेघ म्हणजे भिंतच होती.

तिला कोंडल्यासारखे का वाटते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सहा वर्षांपूर्वी जुन्या घरात अशीच एक खोली होती. गहिनीनाथाची पहिली बायको मनकर्णा तिथे बाळंत झाली. तिची आई तिला न्यायला दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा गोजरबाईंनी तिला पडवीतूनच परत पाठवले होते. घराण्याचा वारस घराण्याच्या छपराखालीच जन्माला यायला हवा होता. मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पौषातली थंडी होती. रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती आणि तिच्यावर ओव्याची धुरी. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तेव्हा दोघेही गेलेले होते.

त्या सकाळी गोजरबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि जमलेल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात एवढेच बोलल्या की बनुबाई सुइणीच्या हाताला अपेश आहे. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांना जे वाटले ते त्यांनी सांगितले, आणि त्यांना वाटलेले गावालाही वाटे. त्या दिवसापासून बनुबाईला तिसगावात कोणत्याही घराने बाळंतिणीसाठी हाक मारली नाही. शेजारच्या वस्त्यांनीही मारली नाही.

“शेगडी ठेवनारच आसशील ना आई, तर खिडकी पायजे,” गहिनीनाथ म्हणाला. आता तो उठून उभा राहिला होता. “न्हाईतर ही खोलीच नगं. छबू पडवीत बाळंत हुईल.”

“पडवीत कुत्री बाळंत हुतात.”

“आई.”

“बोल. मनात एक आन् तोंडात एक, आसं नगं. सकाळधरनं बघतीया. तुला वाऱ्याचं काय पडलंय?”

गहिनीनाथाने पुंजारामाकडे पाहिले. पुंजारामाने ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेतली. ओळंब्याचे अजून काही काम नव्हते.

“नगरला मी ऱ्हातो तिथं,” गहिनीनाथ म्हणाला, “शेजारच्या खोलीत एक बिऱ्हाड हुतं. नवरा, बायकू, दोन लेकरं. थंडीचं त्यांनी दार लावलं, खिडकीला पोतं लावलं आन् शेगडी आत घेऊन निजली. सकाळी दार वाजवलं तर उघडंना. आमी चौघांनी मिळून तोडलं.”

“मग?”

“चौघं बी गेलेली.”

“धुरानं कोंडली आसतील.”

“धूर नव्हता. निखारे हुते नुसते. धूर आसता तर खोकून जागी झाली आसती, डाक्टर म्हनला. निखाऱ्याला वास न्हाई, काय न्हाई. बंद खोलीत तो हळूहळू जीव घेतो. आधी डोकं दुखतं म्हनं. मग गुंगी येती.”

गोजरबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

“गाल लाल हुते, आई,” तो म्हणाला. हे सांगताना तो जमिनीकडे पाहत होता. “चौघांचे बी. झोपल्यावानी. मरनाचा रंगच नव्हता.”

वाऱ्याने निळ्या कागदाची एक कड फडफडली. छबूबाईने सासूकडे पाहिले आणि मान वळवली.

“सगळ्यांचे लाल?” गोजरबाईंनी विचारले.

“सगळ्यांचे.”

मनकर्णाचे तोंड गोजरबाईंनी स्वतः पुसले होते. पोर इतकी तजेलदार दिसत होती की भोवतीच्या बाया रडता रडता थांबल्या होत्या. कोणाचीतरी दृष्ट लागली, असे कोणीतरी म्हणाले होते, आणि तेव्हाच गोजरबाईंच्या मनात बनुबाईचे नाव आले होते. बनुबाई आदल्या सांजेला निघताना दारात घुटमळली होती. दार जरा किलकिलं ऱ्हाऊ द्या आक्का, म्हणाली होती. पोर डोकं दुखतंय म्हनती. सुइणीने घरच्यांना शहाणपण शिकवायचे नसते, असे सांगून गोजरबाईंनी तिला वाटेला लावले होते. नंतर त्यांनी दार ओढून घेतले होते आणि उंबऱ्याच्या फटीत गोणपाट ठासले होते. आपल्या हाताने.

“कदी झालं हे, नगरचं?”

“दोन वर्सं झाली.”

“दोन वर्सं,” गोजरबाई म्हणाल्या.

गहिनीनाथ वाकला आणि खुंटीची गाठ, जी पक्की होती, पुन्हा सोडून बांधू लागला. सहा वर्षांपूर्वी तो नगरहून पोहोचला तेव्हा चिता रचून तयार होती. त्याने तेव्हाही कोणाला काही विचारले नव्हते.

गोजरबाई बराच वेळ त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. नंतर काठीचे टोक त्यांनी मागच्या रेघेवर टेकवले.

“पुंजाराम, हितं खिडकी टाक.”

“किती मोठी, आक्का?”

“कागदात आसल तेवढी.”

पुंजारामाने वर पाहिले आणि फक्कीची मूठ भरली.

“बनुबाई कुठं आसती हल्ली?” गोजरबाईंनी विचारले.

“कुठं आसनार? सगळं गाव हाय तिथंच. माळावर, खडीवर.”

गोजरबाईंनी वहाणा पायात सरकवल्या.

“मी येतो संगं,” गहिनीनाथ म्हणाला.

“तू दोरी धर.”

माळ अर्ध्या कोसावर होता. सरकारने दुष्काळी काम काढले होते. रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग लागले होते आणि प्रत्येक ढिगामागे बाया बसल्या होत्या. हातोड्यांचा आवाज लांबूनच येत होता, एकाच लयीत नव्हे, पाऊस पत्र्यावर पडावा तसा अस्ताव्यस्त. ज्यांच्या घरी दोन दोन बैलजोड्या होत्या त्यांच्याही सुना आता इथे होत्या. बैल चारा-छावणीत गेले होते, किंवा बाजारात. गोजरबाईंच्या घरात नागापूरचा पगार येत होता म्हणून त्या घरातले कोणी अजून या माळावर आले नव्हते. त्यांना येताना पाहून जवळच्या दोघींचे हात थांबले.

बनुबाई चौथ्या ढिगापाशी होती. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि चिंध्यांवर रक्त वाळून काळे झाले होते. गोजरबाईंच्या सावलीने तिच्या मांडीवरचा दगड झाकला, तरी तिने वर पाहिले नाही.

“बनुबाई.”

“आक्का. वाट चुकली काय?”

“न्हाई.”

“मग हजेरीला नाव लावायचं आसंल. मुकादम तकडं हाय, छत्रीखाली. अंगठा देऊ नगा, सही येती तुमाला.”

मागच्या ढिगामागून कोणीतरी फिसकन हसले. गोजरबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्या उभ्याच राहिल्या, आणि त्यांनी जो आवाज लावला तो सहा वर्षांपूर्वी उंबऱ्यात लावला होता तोच होता, चार घरांपलीकडे जाणारा.

“तुझ्या हाताला अपेश नव्हतं. तू दार किलकिलं ठेवा म्हनली हुतीस. मी लावलं. खाली गोनपाट बी मीच ठासलं. बंद खोलीत शेगडीच्या निखाऱ्यानं पोर गेली आन् तिचं लेकरू गेलं. मी तुझं नाव घेतलं, ते खोटं हुतं.”

हातोडे एकामागून एक थांबत गेले. माळावर फक्त लांबच्या टोकाचे दोन-तीन वाजत राहिले, मग तेही थांबले. बनुबाईने मांडीवरचा दगड नीट बसवला. तीन घाव घातले. दगड फुटला, तिने तुकडे ढिगावर टाकले.

“मला काय सांगता?” ती म्हणाली. “माझं मला ठावं हुतं.”

“माझी सून गरवार हाय. भादव्यात दिस भरतील. तू ये.”

“मी?”

“तूच.”

बनुबाईने हातोडी खाली ठेवली आणि एका हाताची चिंधी सोडली. बोटे आत वळलेली होती. ती तिने सरळ करून दाखवायचा प्रयत्न केला, आणि ती अर्ध्यावर थांबली.

“लेकरू निसटंल ह्यातनं,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. हा दगड फुटणार नाही असे सांगावे, तसे तिने ते सांगितले. “तिला नगरच्या दवाखान्यात न्या. पैका हाय तुमच्याकडं.”

बनुबाई चिंधी पुन्हा गुंडाळू लागली. एक टोक दातात धरून तिने गाठ मारली.

“आता आलाच हायसा,” ती म्हणाली, “तर त्या लिंबाखाली जावा. मला ठावं हुतं ते मला सांगून काय उपेग? जिला ठावं न्हाई तिला सांगा.”

“कोन हाय तिथं?”

“साळूबाई. मनकर्णाची आई. त्यांच्या वस्तीचं काम बंद पडलं म्हनून चार दिस झाले हितं येती. येता जाता मला शिव्या देती. मी बी काय बोलत न्हाई. तिची पोर गेली. कुनाला तरी द्याव्यात तिनं.”

लिंब माळाच्या त्या टोकाला होता. तिथपर्यंत सव्वाशे पावले असतील. दोन्ही बाजूंच्या बाया गोजरबाईंकडे पाहत होत्या आणि त्यांच्यामधून गोजरबाई चालत गेल्या. खडीवर वहाण घसरत होती. काठी एकदा वाकडी पडली, त्यांनी ती सावरली. कोणी हात दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

साळूबाई लिंबाच्या बुंध्याशी बसली होती. गोजरबाई चौथ्या ढिगापाशी काय बोलल्या ते तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. हातोडे का थांबले हे तिला कळले नव्हते, आणि पहिल्यांदा तिला कोण येते आहे हेही कळले नाही. ओळख पटली तेव्हा ती घाईने उठली. पदर डोक्यावर घेतला, हाताची धूळ लुगड्याला पुसली. मुलीकडची बाजू नेहमी वाकूनच उभी राहते, मुलगी गेल्यावरसुद्धा. तिने बसायला घेतलेले पोते उचलले, झटकले आणि विहिणीसाठी अंथरले.

“बसा, इहीनबाई. तुमी ह्या उन्हाचं…”

गोजरबाई पोत्यावर बसल्या नाहीत. त्या खडीवर बसल्या. आयुष्यात कोणापुढे खाली बसण्याची त्यांना सवय नव्हती. काठी आधी टेकवून, एक गुडघा आधी मोडून, मग दुसरा, अशा त्या बसल्या. साळूबाई गोंधळून पोत्याच्या कडेवर टेकली.

मग गोजरबाईंनी सांगितले. बनुबाईला थोडक्यात सांगितले होते; इथे त्यांनी काहीही गाळले नाही. दोनदा परत पाठवले ते सांगितले. पोरीचे डोके दुखत होते ते सांगितले. सुइणीने दार किलकिले ठेवायला सांगितले ते, आणि तिला घरी पाठवले ते. गोणपाट कोणत्या हाताने ठासले तेही सांगितले. नगरच्या बिऱ्हाडाचे सांगितले. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही आणि खालीही गेला नाही.

साळूबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात ढिगावरून फिरत राहिला. एक खडा ती उचले, बघे आणि परत ठेवी. मग हात थांबला. तिने बनुबाईच्या ढिगाकडे पाहिले. तिथे हातोडी पुन्हा सुरू झाली होती.

नंतर ती बोलली. इतक्या हळू की गोजरबाईंना पुढे झुकावे लागले.

“इहीनबाई, लई थंडी हुती का त्या राती?”

तिच्या चेहऱ्याकडे पाहून गोजरबाईंना कळले की ती काय मागते आहे. फक्त ‘व्हय’ म्हणायचे होते. तेवढ्यावर दोघींना उठता आले असते.

“हुती,” गोजरबाई म्हणाल्या. “दार लावन्याइतकी नव्हती.”